साठ मीटरचा रस्ता आणि चेंबूरला बसलेला ड्रायव्हर

रविवारी सकाळी पावणेआठला शेठचा फोन. शेठ एवढ्या सकाळी फोन करतात तेव्हा एकतर गाडी पकडलेली असते नाहीतर पलटी झालेली असते, तिसरं कारण इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. यावेळी तिसरं होतं. "साहेब, हवालदार विचारतोय ड्रायव्हर कुठाय. काय सांगू त्याला? ड्रायव्हर चेंबूरला बसलाय."

गाडी न्हावा शेवाला, ड्रायव्हर चेंबूरला. मध्ये अख्खी खाडी.

हे प्रकरण नंतर बऱ्याच जणांना तोंडी सांगून झालं आणि प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच की पण मग अशी लांबून रिमोटने गाडी चालवायला कायद्याने नक्की काय काय लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मी ट्रान्सपोर्टची कामं बघतो, परमिट, फिटनेस, अपघाताचे क्लेम, ट्रिब्युनलच्या तारखा, ऑफिस वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या जवळ. नावं कोणाचीच देणार नाही, शेठचं नाही, किट विकणाऱ्यांचं नाही, आणि विमा कंपनीचं तर अजिबातच नाही.

तर शेठकडे ३८ ट्रेलर. बंदर ते सीएफएस, सीएफएस ते भिवंडी, तळोजा वगैरे. सीएफएस म्हणजे बंदरातून उतरलेले कंटेनर कस्टम्सचं काम होईपर्यंत जिथे थांबतात ते आवार, उरणच्या बाजूला अशी बरीच आहेत. शेठचा कायमचा रडगाणं-विषय म्हणजे ड्रायव्हर मिळत नाहीत. ही गोष्ट खरीच आहे, ३८ पैकी दहा-अकरा गाड्या नेहमी उभ्या, जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नवीन कलमावरून ड्रायव्हर लोकांनी चक्का जाम केला त्यानंतर दोघं-तिघं गावाला गेले ते परत आलेच नाहीत. अशात कोणीतरी किटवाली पोरं घेऊन आलं. किट म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला मोटर, ब्रेक आणि अॅक्सिलरेटरला यंत्रं, केबिनवर सहा कॅमेरे आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, एकाचं नेटवर्क गेलं तर दुसऱ्यावर चालावं म्हणून. चेंबूरला चौथ्या मजल्यावर एक खोली, तिथे तीन स्क्रीन आणि मुलं गेम खेळतात तसलं स्टिअरिंग. एक माणूस एसीत बसून दिवसभरात तीन-चार गाड्या आलटूनपालटून चालवणार, असं गणित. शेठला मोबाईलवर स्वीडनचा व्हिडिओ दाखवला होता त्या पोरांनी, बिनकेबिनचा पांढरा ट्रक चाललाय. शेठ फिदा.

ज्या सीएफएसला शेठचं काम आहे त्याचे दोन प्लॉट आहेत, मधून रस्ता जातो. एका प्लॉटमध्ये भरलेले कंटेनर, दुसऱ्यात रिकामे, आणि दिवसरात्र इकडचं तिकडे. गेट ते गेट साठ मीटर असेल, मी नंतर पावलांनी मोजलं. शेठचं म्हणणं असं की दोन्ही बाजूला आपलंच आवार आहे, मधला तुकडा काय, असून नसल्यासारखा, तिथे ट्रायल घेऊ. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर हे प्रकरण झालंच नसतं आणि लिहायलाही काही उरलं नसतं.

त्या रविवारी काय झालं ते नीट सांगतो कारण सगळा कायदा त्या चार मिनिटांत आहे. मामा म्हणून शेठचे जुने ड्रायव्हर आहेत, बीडकडचे, पंचवीस वर्षं ट्रेलरवर. ठरल्याप्रमाणे मामांनी केबिनमध्ये बसून राहायचं, हात लावायचा नाही, काही झालं तर ब्रेक मारायचा. पण किटवाल्यांना व्हिडिओसाठी रिकामी केबिन पाहिजे होती. म्हणाले मामा दोन मिनिटं उतरा. मामा उतरले आणि गेटच्या साखळीपाशी जाऊन उभे राहिले. चेंबूरहून पोराने गाडी काढली, मागे रिकामा चाळीस फुटी कंटेनर, हळूच गेटच्या बाहेर, घोडा म्हणजे पुढचा इंजिनवाला भाग रस्ता ओलांडून पलीकडच्या गेटपाशी पोचतोय न पोचतोय तोच नेटवर्क गेलं. दोन्ही सिमांचं. वर कंटेनरच्या थप्प्या आणि खाली पत्र्याचं कुंपण, अशा ठिकाणी मोबाईलची पण रेंज हलते हे तिथला कुठलाही वॉचमन सांगेल. नेटवर्क गेल्यावर किटने जे करायला पाहिजे तेच केलं, हवा सोडली, स्प्रिंग ब्रेक आवळले, गाडी जागच्या जागी थांबली. आडवी. पंधरा-सोळा मीटरची गाडी, दोन लेनचा रस्ता, बंद.

मागे हॉर्न सुरू. हवालदार आला, फूटरेस्टवर चढला, आत डोकावला. सीटवर मामांचा टॉवेल आणि डबा. इंजिन चालू. आणि तेवढ्यात नेटवर्क परत आलं, चेंबूरच्या पोराने सिस्टिम जागी झाली का बघायला स्टिअरिंग थोडं फिरवलं, आणि इकडे रिकाम्या केबिनमध्ये स्टिअरिंग आपोआप पाव वळसा फिरलं. हवालदाराने उडीच मारली खाली. मामा सांगतात की त्याने पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं आणि मग शिवी दिली. मला त्या माणसाचं अजिबात चुकलं असं वाटत नाही.

आता कायदा. लोकांना वाटतं मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये कुठेतरी लिहिलं असेल की ड्रायव्हर गाडीतच बसला पाहिजे. तसं सरळ एका वाक्यात कुठेच नाही. कलम २(९) मध्ये ड्रायव्हरची व्याख्या आहे, ती पण अर्धीच, म्हणजे एवढंच म्हणते की ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग धरणाराही ड्रायव्हरच. गंमत बघा, ज्याच्या हातात इंजिनच नाही, नुसतं स्टिअरिंग आहे, त्यालाही कायदा ड्रायव्हर म्हणतो. त्यामुळे चेंबूरला स्टिअरिंग धरून बसलेला ड्रायव्हर आहे असं म्हणायला जागा आहे, आणि माझं मत तेच आहे. १९४९ चा जिनिव्हाचा रस्ते वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार, ज्यात भारत आहे, तोही एवढंच म्हणतो की प्रत्येक वाहनाला ड्रायव्हर असला पाहिजे आणि त्याला वाहन काबूत ठेवता आलं पाहिजे. कुठे बसून, ते नाही.

पण पुढची कलमं वाचायला लागलं की कळतं, कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर ड्रायव्हर सीटवरच बसलेला होता. त्याला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. कलम १२६ घ्या. सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस पाहिजे, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला पाहिजे किंवा गाडी चुकून चालू पडणार नाही अशी इतर काही व्यवस्था केलेली पाहिजे. किटवाल्यांचा मुद्दा, ब्रेक लागले होते ना, ठणठणीत लागले होते. बरोबर. पण इंजिन चालू होतं आणि नेटवर्क आल्यावर स्टिअरिंग फिरलं, म्हणजे गाडी परत चेंबूरच्या हातात गेली आणि फूटरेस्टवर एक माणूस उभा आहे हे चेंबूरला दिसलं नव्हतं, कारण कॅमेरा समोर बघतो, पायरीवर नाही. या कलमावर मी कोर्टात वाद घालू शकलो असतो, पण जिंकलो असतो असं छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणजे मजा अशी की किटची सगळ्यात सुरक्षित गोष्ट, नेटवर्क गेलं की थांब, तीच सार्वजनिक रस्त्यावर गुन्हा होऊन बसते. कलम १२२ आहेच वरून, धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी ठेवायची नाही.

कलम १३० म्हणतं युनिफॉर्ममधल्या पोलिसाने मागितल्यावर ड्रायव्हरने लायसन्स दाखवायचं. पोराने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरचं चालतं, तो नियम २०१८ पासून आहे, नुसता फोटो चालत नाही. पण ही छोटी गोष्ट. मोठी गोष्ट कलम १३४. अपघात झाला आणि माणूस जखमी झाला तर ड्रायव्हरने त्याला उपचार मिळतील अशी व्यवस्था करायची, जवळच्या डॉक्टरकडे, हॉस्पिटलला पोचवायचं. चेंबूरवरून हे कसं करणार? फार तर १०८ ला फोन. त्या हिट अँड रनच्या कलमाचं, भारतीय न्याय संहितेतल्या १०६(२) चं, भिजत घोंगडं आहे, बाकी संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली पण ते पोटकलम संपानंतर बाजूला ठेवलंय. उद्या ते लागू झालं तर कधी गाडीत नव्हताच असा ड्रायव्हर 'पळून गेला' का, यावर पहिली केस मुंबईतच उभी राहील असं मला उगाच वाटतं. निष्काळजीपणाने मृत्यूचं १०६(१) मात्र लागू आहे, पाच वर्षांपर्यंत, आणि त्यात कोण कुठे बसला होता याने काही सुटका नाही.

सोमवारी पोलीस स्टेशनला गेलो. साहेब शांत माणूस, त्याने एकच प्रश्न विचारला, "ड्रायव्हर म्हणून नाव कोणाचं लिहू?" शेठ पटकन म्हणाले मामांचं. कारण मामांचं लायसन्स पक्कं, ट्रान्सपोर्टचं, सगळं व्यवस्थित. मी शेठना बाहेर नेलं. म्हटलं शेठ, मामा गाडी चालवत नव्हते, ते साखळीपाशी उभे होते हे सीसीटीव्हीत दिसतंय, खोटं लिहून द्यायचं आणि ते पण अशा माणसाच्या नावावर जो तुमच्याच पोरांच्या सांगण्यावरून उतरला, हे मी करणार नाही. मग शेठ म्हणाले ड्रायव्हर नव्हताच असं सांगा, मशीन होतं. ते तर अजून वाईट, ड्रायव्हर नव्हता म्हटलं की विमा त्याच क्षणी हात वर करतो. शेवटी पोराचं नाव लिहायला सांगितलं. शेठ दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

कारण पोराचं लायसन्स. बावीस वर्षांचा, हुशार, हात स्थिर, पण लायसन्स कारचं. कलम ३ प्रमाणे ट्रान्सपोर्टची गाडी चालवायची तर लायसन्स त्या गाडीसाठी असायला लागतं, कलम ४ प्रमाणे वय २० पूर्ण, ते होतं. किटवाल्यांनी कुठूनतरी वाचलं होतं की सुप्रीम कोर्टाने कारच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टच्या गाड्या चालवायला परवानगी दिलीय. दिलीय, नोव्हेंबर २०२४ चा पाच न्यायमूर्तींचा निकाल, पण तो ७,५०० किलोच्या आतल्या गाड्यांसाठी. आमचा ट्रेलर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे कलम १८१, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही, आणि अशा माणसाच्या हातात गाडी दिली म्हणून मालकावर कलम १८०, तेवढंच. लिहून ठेवा, रिमोटवाल्या माणसाला लायसन्स लागत नाही असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका. लायसन्स लागतं आणि सीटवरच्या ड्रायव्हरला जे लागतं तेच लागतं, मेडिकलसकट.

मग गाडी. इथे शेठना सगळ्यात जास्त धक्का बसला, त्यांना वाटत होतं भानगड फक्त ड्रायव्हरची आहे. कलम ५२, आरसीवर कंपनीने जशी गाडी दिली तशी लिहिलीय, तिच्यात मालकाने मनाने बदल करायचा नाही. सीएनजी किटला मान्यता मिळण्याचा रस्ता नियमात आहे, तसा रिमोट किटला नाही. स्टिअरिंगला मोटर लावणं, ब्रेकच्या हवेच्या लाइनमध्ये व्हॉल्व्ह टाकणं, हे म्हणजे गाडीच्या हाडांनाच हात घातल्यासारखं. कलम १८२ए मध्ये अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० दंड आहे, प्रत्येक बदलामागे, हे शेठना दोनदा वाचून दाखवलं. नवीन प्रकारची गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये (वरचं कलम १२६ वेगळं) ज्या संस्था दिल्यात, पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट अशा, त्यांच्याकडून प्रोटोटाइप तपासून घ्यायला लागतो आणि ते काम गाडी बनवणाऱ्याचं, शेठचं नाही. पुढे फिटनेसला गाडी गेली आणि इन्स्पेक्टरने बॉनेटखाली ती मोटर बघितली तर कलम ५६ चं सर्टिफिकेट अडकलं, सर्टिफिकेट नाही तर गाडी रजिस्टर्डच नाही असं धरतात, मग परमिटचं काय, अशी सगळी माळ सुटते. यातली मजेची बाब सांगतो, २०२५ पासून नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय, ड्रायव्हरचे हाल कमी व्हावेत म्हणून. शेठचा प्लॅन असा की एसी चेंबूरला आणि केबिन रिकामी.

मग दारच नाही का काही? आहे एक. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २बी आलं, संशोधनाला आणि नव्या कल्पनांना वाव मिळावा म्हणून केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना या कायद्यातून सूट देऊ शकतं, अटी घालून. लक्षात घ्या, केंद्र सरकार. आरटीओ नाही, परिवहन आयुक्त नाहीत, बंदर तर नाहीच. आणि सूट वाहनांच्या प्रकाराला मिळते, शेठच्या एमएच ४६ च्या गाडीला नाही. अर्ज गाडी बनवणाऱ्याने किंवा त्याच्या जोडीने केला तर त्यात काही दम. वातावरण कसं आहे हेही बघायला पाहिजे, नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सरळ सांगितलं होतं की ड्रायव्हरविना गाड्या भारतात येऊ देणार नाही, लाखो ड्रायव्हरांच्या पोटाचा प्रश्न आहे. आमच्या गाडीला ड्रायव्हर आहे, फक्त लांब आहे, हा फरक मी अर्जात पहिल्याच पानावर लिहीन.

स्वीडनच्या त्या व्हिडिओचं पण बघितलं मी, कारण शेठ दर दोन वाक्यांनी तिकडे जात होते. २०१९ ची गोष्ट, योन्शोपिंग नावाच्या गावात गोदाम आणि टर्मिनलच्या मधला छोटासा सार्वजनिक रस्ता, म्हणजे अगदी आमच्यासारखीच परिस्थिती. त्यांनी तिथल्या सरकारी वाहतूक खात्याकडून त्या तुकड्यासाठी आधी परमिट घेतलं, मुदत घालून, आणि वेगाची मर्यादा ताशी ५ किलोमीटर. पाच! माणूस चालतो तेवढं. व्हिडिओत ते सांगत नाहीत. जर्मनीने १ डिसेंबर २०२५ पासून पाच वर्षांच्या प्रयोगापुरता रिमोट ड्रायव्हिंगचा वेगळा नियमच केलाय. आणि इंग्लंडच्या लॉ कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये सल्ला दिला की परदेशात बसून इथली गाडी चालवायला बंदीच घाला, कारण उद्या काही झालं तर त्या माणसाला पकडणार कसं. हे वाचून मला चेंबूर एकदम जवळ वाटायला लागलं.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आवार. कलम २(२८) प्रमाणे कारखान्यात किंवा बंद आवारातच वापरायच्या खास प्रकारच्या गाडीला मोटार वाहन म्हणत नाहीत. आणि २(३४) प्रमाणे सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती. शेठ म्हणाले झालं मग, आवारात आपण मोकळे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताराचंद लॉजिस्टिकच्या प्रकरणात विशाखापट्टणमच्या स्टील प्लांटच्या आत फिरणाऱ्या गाड्यांना रोड टॅक्स नाही असं म्हटलंय, ते किटवाल्यांनी प्रिंट काढून आणलं होतं, पिवळ्या हायलाइटरने रंगवून. मी म्हटलं हे टॅक्सचं आहे, आणि ते पण आंध्रच्या टॅक्स कायद्यातल्या शब्दांवर उभं आहे, आपल्याकडचा टॅक्सचा कायदा १९५८ चा, त्याचे शब्द वेगळे, इकडे जसंच्या तसं चिकटणार नाही. शिवाय तुमचा घोडा खास आवारासाठी बनवलेला कुठाय, तो भिवंडीला जाणारा रजिस्टर्ड घोडा आहे, आवारात शिरला म्हणून तो मोटार वाहन असायचा थांबत नाही.

आणि दुसरी बाजू, जी किटवाल्यांच्या प्रिंटमध्ये नव्हती. मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने १९८८ मध्येच म्हटलंय की विम्याच्या प्रकरणासाठी सार्वजनिक जागेचा अर्थ आखडता घ्यायचा नाही, खासगी जागा असली तरी लोकांना तिथे येऊ दिलं जात असेल, मर्यादित का होईना, तर ती सार्वजनिक. सीएफएसमध्ये कोण येत नाही सांगा, क्लिअरिंग एजंटची पोरं, सर्व्हेवाले, माथाडी, दुसऱ्या ट्रान्सपोर्टचे ड्रायव्हर, वडापाववाला पण येतो गेटपास काढून. म्हणजे एकाच गेटच्या आतली एकच जमीन टॅक्ससाठी बंद आवार ठरू शकते आणि कोणाच्या पायावरून चाक गेलं तर विम्यासाठी सार्वजनिक. ज्याला हे विचित्र वाटतं त्याने ट्रिब्युनलला एक दिवस बसून बघावं, तिथे जखमी माणसाला पैसे मिळावेत म्हणून कायदा ताणतात, आणि ताणलाच पाहिजे.

तर विमा. कलम १४६, थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक जागी गाडी नाही. पॉलिसीच्या कागदावर ड्रायव्हरचं कलम असतं, गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स पाहिजे वगैरे, कुठे बसून ते लिहिलेलं नाही, पण किट लावल्याचं कळवलंय का हा पहिला प्रश्न येतोच. मी स्वतः गेलो विमा कंपनीत. मॅडम चांगल्या होत्या, चहा दिला, अर्धा तास ऐकून घेतलं, म्हणाल्या इंटरेस्टिंग आहे. लेखी द्या म्हटलं. म्हणाल्या लेखी नाही देता येणार. दोन ईमेल, एक आठवणीचा ईमेल, उत्तर शून्य. माझ्या अनुभवात पोलिसांच्या नाहीपेक्षा विमा कंपनीचं हे गप्प बसणं जास्त महाग पडतं, कारण मृत्यूच्या क्लेमला थर्ड पार्टीत वरची मर्यादा नसते, आणि कंपनीने अटीचा भंग झाला म्हणून आधी पैसे भरून नंतर मालकाकडून वसूल करायची ऑर्डर घेतली तर ३८ पैकी किती ट्रेलर विकायला लागतील याचं गणित शेठनी स्वतःच मांडलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते व्हिडिओबद्दल काही बोलले नाहीत.

नेटवर्कचं थोडक्यात. पाव सेकंद उशीर होतो असं किटवालेच सांगतात. ताशी २० ने गाडी पाव सेकंदात दीड मीटरच्या आसपास जाते, एक सेकंद चित्र गोठलं तर साडेपाच मीटर, चेंबूरला रस्ता रिकामा दिसतो आणि इथे कोणीतरी चाकासमोर. मशीनमधल्या सिमांना दूरसंचार खात्याचे वेगळे नियम आहेत, १३ आकडी नंबरवाली एम-टू-एम सिमं घ्यायला लागतात आणि ती सेवा विकणाऱ्याने नोंदणी करायला लागते, यांनी गल्लीतल्या दुकानातून साधी सिमं घातली होती, एक तर कोणाच्या मेव्हण्याच्या नावावर. ड्यूटीचे तास पण सोडून देऊ नका, दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस, खुर्चीवर बसलाय म्हणून बारा तास बसवता येत नाही, तीन स्क्रीनकडे आठ तास बघून दाखवा आधी.

शेवटी काय केलं ते सांगतो. रस्त्यावर आडवी गाडी लावली त्याचा ५०० चा दंड भरला, लायसन्सच्या बाबतीत खुलासा मागितला होता तो लिहून दिला, खरा. रजिस्टर्ड घोड्यावरचं किट काढून गाडी पहिल्यासारखी करून घेतली आणि काढल्याचे फोटो तारखेसकट फाईलला लावले. मग शेठनी आवारातच फिरणारे दोन यार्ड ट्रॅक्टर घेतले, जे रस्त्यावर यायचेच नाहीत, किट त्यांच्यावर बसवलं, त्यांच्यासाठी मोटारची नाही तर यंत्रसामग्रीची पॉलिसी काढली, थर्ड पार्टीच्या जोडणीसकट, आणि किट आहे हे प्रपोजल फॉर्मवर स्पष्ट लिहून. दुसऱ्या कंपनीकडून. सीएफएसवाल्यांकडून लेखी परवानगी, लेनला पिवळा पट्टा, त्या लेनमध्ये पायी यायला मनाई, वेग दहाच्या आत, आणि प्रत्येक ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूच्या पायरीवर बघणारा कॅमेरा. हा कॅमेरा मी अडून बसून घालायला लावला. चेंबूरची खोली सोडली, भाडं वाचलं. आता ऑपरेटर सीएफएसच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर बसतो, केबलने जोडलेलं, खिडकीतून यार्ड दिसतं, स्क्रीन गोठली तर मान वळवायची. शिफ्टला दोन ऑपरेटर आणि त्यातले एक मामा. पहिल्या आठवड्यात मामा म्हणत होते स्टिअरिंगला वजन नाही, गाडी ऐकते का नाही कळत नाही, कंटेनर भरलाय का रिकामा हे हाताला कळायला पाहिजे. मग पोरांनी त्यात कसलातरी प्रतिरोध बसवून दिला. मामा म्हणतात आता ठीक, पण डिझेलचा वास नाही.

मधल्या साठ मीटरला मात्र काही उपाय नाही. २बी चा अर्ज तयार होतोय, गाडी बनवणाऱ्या कंपनीशी बोलणी चाललीयत, वेळ लागणार. तोपर्यंत असं चालतं की यार्ड ट्रॅक्टर अलीकडच्या गेटच्या आत ट्रेलर सोडतो, तिथे एक रजिस्टर्ड घोडा उभाच असतो, विमा, फिटनेस, परमिट सगळं असलेला, त्याच्यात हाडामांसाचा ड्रायव्हर बसतो, ट्रेलर जोडतो, रस्ता ओलांडतो, पलीकडच्या गेटच्या आत सोडतो, रिकामा परत येतो. शेठ जळतात, साठ मीटरसाठी पूर्ण पगार. गेटवर रजिस्टर ठेवलंय, प्रत्येक फेरीला वेळ, गाडी नंबर आणि ड्रायव्हरचं नाव. मागच्या महिन्यात जाऊन बघितलं तर पहिल्या तीन-चार फेऱ्यांना नाव नीट लिहिलेलं आणि खाली पानभर नुसत्या दोन-दोन रेघा, वरच्यासारखंच म्हणून. वॉचमन म्हणाला साहेब, तोच तो माणूस आहे, रात्रभर तोच येतो-जातो. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि त्या पानावरच्या प्रत्येक ओळीला त्याच्याकडून पूर्ण नाव लिहून घेतलं.